पहिली कोण धावणार? हॉकीच्या नियम समितीला खुले पत्र

प्रति,
नियम समिती,
आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघ, लोझान

सन्माननीय सदस्यहो,

गेल्या आठवड्यात सराव संपल्यावर मी माझ्या सोळा वर्षांखालच्या मुलींना टर्फवरच बसवलं आणि विचारलं, "पेनल्टी कॉर्नरला पहिली कोण धावणार?" दोन हात वर आले. एक हात संघातल्या सर्वांत वेगवान मुलीचा होता. दुसरी तितकी वेगवान नाही, पण तिला संघातली जागा पक्की करायची आहे आणि हे काम बाकी कुणाला नको असतं, हे तिच्या लक्षात आलंय. नाव लिहायला मी वही उघडली. दोघींकडे पाहिलं आणि वही मिटली. "उद्या सांगते," म्हणाले. त्या उद्याला आज आठ दिवस झाले. म्हणून हे पत्र.

मी स्वतः बारा वर्षं हेच काम केलं. बचावपटू होते. गोल फारसे केले नाहीत आणि माझं नाव कुणाच्या लक्षात असण्याचं कारण नाही. पण आमच्या चुकीमुळे समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला की आमच्या गोलातून पहिली मी सुटायची. या कामाला मैदानावर 'फर्स्ट रशर' म्हणतात. हॉकीपटूच्या आयुष्याबद्दल लिहिलं-बोललं जातं तेव्हा गोल, पदकं, कर्णधारपद यांची चर्चा होते. या धावेबद्दल कुणी विचारत नाही. त्यामुळे तुम्हाला माहीत असलेल्या काही गोष्टीही मी पुन्हा सांगणार आहे. त्या मी तुमच्यापेक्षा वेगळ्या जागेवरून पाहिल्या आहेत.

कॉर्नरच्या वेळी गोलरक्षक धरून आम्ही पाच जणी रेषेमागे. बाकीचा संघ मध्यरेषेपलीकडे. गोलखांबापासून किमान १० मीटरवरून समोरची खेळाडू चेंडू ढकलते, डीच्या, म्हणजे गोलासमोरच्या अर्धवर्तुळाच्या, टोकाला दुसरी तो थांबवते, तिसरी उचलते आणि फेकते. हे सगळं दीड-दोन सेकंदांत होतं. चेंडू हलला की मी सुटते. त्याआधी रेषा ओलांडली तर मला मध्यरेषेपलीकडे जावं लागतं आणि माझ्या जागी दुसरी येत नाही, म्हणून पाय बांधून ठेवल्यासारखे उभे असतात. मग सरळ फ्लिकरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या त्या तिसरीच्या दिशेने, जमिनीलगत स्टिक पुढे धरून. गोलाची एक बाजू मी बंद करायची, उरलेली गोलरक्षकाने सांभाळायची, असा आमचा करार. मी अर्धा हात जरी चुकीच्या रेषेत धावले, तरी गोलरक्षकाला अर्धा गोल जास्त सांभाळावा लागतो.

आता एक साधा हिशेब करू या. चांगल्या ड्रॅग फ्लिकचा, म्हणजे स्टिकवरून घसरवत आणून फेकलेल्या चेंडूचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जातो. ताशी १०० म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. डीची त्रिज्या १४.६३ मीटर, म्हणजे टोकावरून सुटलेल्या चेंडूसाठी गोलरक्षकाला साधारण अर्धा सेकंद मिळतो. रशर तोपर्यंत पुढे पोचलेली असते. चेंडू सुटताना तिच्यात आणि फ्लिकरमध्ये पाच मीटरचं अंतर असलं, तर तिच्या वाट्याला ०.१८ सेकंद येतात. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला हाताने उत्तर द्यायला माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. चेंडू त्याआधीच पोचलेला असतो. बारा वर्षांत मी चेंडू 'पाहून' अडवला असं कधीच झालं नाही. फ्लिकरचा खांदा, तिच्या पुढच्या पायाचा पंजा, स्टिक किती मागे गेली, एवढ्यावरून अंदाज बांधायचा आणि अंग त्या रेषेत घालायचं. स्टिक लागली तर शाबासकी, अंग लागलं तर बर्फ.

माझी निवडही अशीच झाली होती. सतरा वर्षांची होते. प्रशिक्षकांनी विचारलं, कोण घाबरत नाही? मी हात वर केला. खोटा हात होता तो. भीती वाटत होती, पण संघाबाहेर बसण्याची भीती जास्त होती.

पहिला जोरदार चेंडू मांडीवर बसला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. हॉकीच्या चेंडूवर बारीक खळगे असतात. दुसऱ्या दिवशी त्या खळग्यांची नक्षी मांडीवर जशीच्या तशी उमटलेली होती. संघातल्या मुली येऊन पाहून गेल्या, कुणी फोटो काढला. मला अभिमान वाटला होता. पुढे उजव्या हाताचं मधलं बोट मोडलं, कारण त्या काळी मी संरक्षक हातमोजा फक्त डाव्या हातात घालायचे. ते बोट आजही पूर्ण वाकत नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी गालाचं हाड गेलं.

त्या शेवटच्या प्रसंगाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तो पूर्णपणे टळू शकला असता. सलग दुसरा कॉर्नर होता. पहिल्या वेळी आम्ही चेंडू अडवला, तो एकीच्या पायाला लागला, पुन्हा शिटी. आमचे मुखवटे जाळीत एका ढिगात पडलेले. सगळे एकाच मापाचे, घामाने निसरडे. माझा पट्टा सुटला होता आणि समोरच्या संघाची चेंडू ढकलणारी वाकून तयार होती. मी मुखवटा टाकला आणि तशीच धावले. मला कुणी अडवलं नाही, कारण अडवण्यासारखं काही घडतच नव्हतं. नियमांनुसार गोलरक्षकाने पूर्ण संरक्षक साहित्य घातलं असेल तर शिरस्त्राण घालावंच लागतं. तिच्या कितीतरी पुढे, चेंडूच्या तोंडाशी जाणाऱ्या रशरला मुखवटा घालण्याची परवानगी आहे, सक्ती नाही.

त्या हंगामानंतर माझ्या क्लबने करार वाढवला नाही. नाव घेत नाही, कारण हा प्रश्न एका क्लबचा नाही. व्यावसायिक खेळाडूची किंमत आकड्यांवर ठरते. किती गोल केले, किती करवले, किती मिनिटं खेळली. रशरच्या धावेमुळे जो गोल झालाच नाही, त्याचा रकाना कुठल्याच तक्त्यात नसतो. कॉर्नरवर गोल करणाऱ्यांची नावं मात्र साऱ्या हॉकीजगाला पाठ असतात, आणि ती असावीतच. पाकिस्तानच्या सोहेल अब्बासचे ३४८ आंतरराष्ट्रीय गोल, रिओ ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाच्या सुवर्णपदकासोबत गोन्झालो पेयाटचे ११, पॅरिसमध्ये हरमनप्रीत सिंगचे १०. मला या कलेचा मनापासून आदर आहे. चेंडूच्या पलीकडे पाय टाकून, कंबर जमिनीजवळ नेऊन, स्टिकच्या दांड्यावरून चेंडू घसरत आणून शेवटच्या क्षणी मनगटाने सोडून देणं ही या खेळातली सर्वांत सुंदर हालचाल आहे, असं मी आजही माझ्या मुलींना सांगते. ती शिकायला वर्षं लागतात आणि पाठीचे मणके त्याची किंमत मोजतात. फ्लिकर माझी शत्रू कधीच नव्हती.

पण दुसऱ्या बाजूलाही पाहा. ५ ऑगस्ट २०२१, टोकियो. भारत आणि जर्मनी, कांस्यपदकाचा सामना, ५-४ अशी आघाडी, ६.८ सेकंद बाकी आणि जर्मनीला पेनल्टी कॉर्नर. श्रीजेशने तो अडवला आणि मग गोलखांबावर चढून बसला. ते छायाचित्र कोण विसरेल? मी मात्र ते दृश्य पुन्हा पाहते तेव्हा श्रीजेशसोबत रेषेवर उभ्या असलेल्या चौघांकडे पाहते. भारतासाठी पहिलं धावण्याचं काम अमित रोहिदासने वर्षानुवर्षं केलंय. हॉकी खेळलेल्या माणसाला त्याचं मोल विचारा. बाकीच्यांना तो बचावपटू म्हणून माहीत असतो, तेवढंच.

आता नियमाकडे येते. पेनल्टी कॉर्नरवरचा पहिला फटका 'हिट' असेल, म्हणजे स्टिक फिरवून मारलेला असेल, तर चेंडू गोलाच्या तळाशी असलेल्या ४६० मिलिमीटरच्या फळीपेक्षा उंचावरून गोलरेषेपार गेल्यास गोल धरत नाहीत. म्हणजे गोलाच्या दिशेने धावत निघालेल्यांच्या अंगावर जोराचा उंच चेंडू येऊ नये, हा विचार नियमात आहेच. फ्लिकला मात्र ही उंची लागू नाही. फ्लिक धोकादायक नसली की झालं. पूर्वी हा फरक समजण्यासारखा होता. ढकललेला, उचललेला चेंडू हळू यायचा. गेल्या तीसेक वर्षांत ड्रॅग फ्लिकने हा फरक पुसून टाकला, तरी नियमातलं वाक्य जिथल्या तिथे आहे.

मग 'धोकादायक' म्हणजे काय? पाच मीटरच्या आत उभ्या बचावपटूला पहिला फटका गुडघ्याखाली लागला तर पुन्हा कॉर्नर, गुडघ्यावर किंवा त्याच्या वर लागला तर बचाव करणाऱ्या संघाला फ्री हिट. पण स्टिकने खेळण्याचा प्रयत्न न करता ती सरळ फटक्याच्या रेषेत घुसली असेल, तर चूक तिची. ही ओळ का आहे हे मला कळतं. ती नसती तर प्रत्येक संघाने आपल्या रशरला चेंडूसमोर छाती करायला सांगितलं असतं. खरं सांगायचं तर आजही सांगतात, फक्त स्टिक पुढे धरायला लावून. मलाही सांगितलं होतं, आणि मीही पुढच्या मुलींना ते शिकवलं आहे. पंचाला डोळ्याची पापणी लवते न लवते तेवढ्यात ठरवायचं असतं की ही मुलगी चेंडू खेळायला गेली की अडसर व्हायला. तिचं तिलाही ते ठरवता येत नसतं.

म्हणून शिक्षा कुणाला, फ्री हिट कुणाला, हा वाद वाढवून रशर सुरक्षित होणार नाही. शिटी वाजते तेव्हा चेंडू लागून गेलेला असतो. बदल करायचाच तर दोन ठिकाणी करता येईल. एक तिच्या चेहऱ्यावर आणि दुसरा चेंडूच्या उंचीत.

चेहऱ्याचं सोपं आहे. पेनल्टी कॉर्नर अडवणाऱ्या चौघींना मुखवटा सक्तीचा करा. तो नसेल तर पंचांनी कॉर्नर सुरू होऊ देऊ नये. मोठ्या सामन्यांत कॉर्नरच्या तयारीसाठी घड्याळ ४० सेकंद थांबतं, मुखवटा बांधायला तेवढा वेळ पुरतो. जिथे घड्याळ थांबत नाही तिथे पंचाने एक नजर टाकावी. चेंडू अडवल्यावर लगेच मुखवटा फेकून द्यायची घाई अलीकडे तुम्ही कमी केलीत. आपल्या २३ मीटरच्या भागात तो घालून खेळत राहता येतं. तो बदल आला तेव्हा मला खेळ सोडून काही वर्षं झाली होती, तरी डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी या धावेचा विचार केला होता. आता त्याच्या पुढचं पाऊल टाका. मुखवट्याने सगळं थांबत नाही हे मला माहीत आहे. गळा, कानामागची बाजू, छाती उघडीच राहते. पण डोळा वाचतो.

डोळ्याचा उल्लेख सहज केलेला नाही. ब्रिटनचा सॅम वॉर्ड २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ऑलिंपिक पात्रता सामना खेळत होता. तो रशर म्हणून धावत नव्हता, गोलासमोर उभा होता आणि त्याच्याच संघातल्या खेळाडूचा फटका त्याच्या चेहऱ्यावर बसला. डाव्या डोळ्याची बरीचशी दृष्टी गेली. तो मुखवटा घालून परतला आणि टोकियो ऑलिंपिक खेळला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटनची कर्णधार केट रिचर्डसन-वॉल्शच्या जबड्यावर स्टिक बसली, जबडा मोडला, धातूची पट्टी बसवली आणि ती त्याच स्पर्धेत पुन्हा उतरून कांस्यपदक घेऊन गेली. या दोघांपुढे मी नतमस्तक आहे. पण प्रशिक्षक झाल्यापासून अशा गोष्टी मुलींना सांगताना माझा आवाज अडखळतो. परत आलेल्यांच्या गोष्टी सांगितल्या जातात. जी अठ्ठाविसाव्या वर्षी करार संपल्यावर नोकरी शोधायला लागते, तिची गोष्ट तिच्या घरच्यांपुरती राहते. आणि समोरची मुलगी पंधरा वर्षांची असते. तिला फक्त पदक ऐकू येतं.

उंचीचं अवघड आहे, आणि इथे मी तुमच्याकडे हट्ट धरणार आहे. अठरा वर्षांखालच्या खेळात कॉर्नरवरची पहिली फ्लिकही ४६० मिलिमीटरच्या मर्यादेत आणा. मूळ नियमपुस्तकातच आणा, प्रत्येक देशाच्या, प्रत्येक स्पर्धेच्या मर्जीवर सोडू नका. या वयात शरीरांमध्ये फार फरक असतो. एक मुलगी पूर्ण वाढलेली, वर्षभर ड्रॅग फ्लिकचा सराव केलेली, आणि समोर धावणारी तिच्या खांद्याला लागणारी. त्यात सरावाची एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. सरावात कुठलाही शहाणा संघ आपल्या फ्लिकरला आपल्याच रशरवर पूर्ण ताकदीने चेंडू सोडू देत नाही. आम्ही मऊ चेंडू वापरतो, वेग कमी करतो, कधी रशरला अर्ध्यात थांबवतो. त्यामुळे खरी, पूर्ण वेगाची, छातीच्या उंचीची फ्लिक त्या मुलीला आयुष्यात पहिल्यांदा भेटते ती सामन्यात. इतकी कमी पूर्वतयारी करून आम्ही मुलींना खेळातलं दुसरं कुठलं काम देतो? मला तरी आठवत नाही.

मोठ्यांच्या खेळात ही मर्यादा लगेच आणा, असं मी म्हणत नाही. वरच्या कोपऱ्यात जाणारी फ्लिक गेली तर खेळातलं काहीतरी जाईल, हे मलाही दिसतं. कॉर्नरवरचे गोल कमी होतील, प्रेक्षक नाराज होतील, फ्लिकरनी घालवलेल्या वर्षांचं काय, असे प्रश्न येतील आणि ते खरे आहेत. पण निदान करून तरी पाहा. ऑफसाइड काढून टाकण्याचा निर्णय १९९६ मध्ये प्रयोग म्हणून आला आणि १९९८ मध्ये कायम झाला. सेल्फ पासही (फ्री हिट घेणारीने स्वतःच चेंडू पुढे नेण्याची मुभा) आधी स्पर्धांमध्ये तपासून २००९ मध्ये नियमात आला, आणि आज तो नसलेली हॉकी माझ्या मुलींना कल्पनेतही दिसत नाही. ज्या खेळाने इतकं धाडस वेगासाठी दाखवलं, त्याने एक हंगाम रशरसाठी द्यावा. चेंडू खाली ठेवायचा असेल तर फ्लिकर नव्या युक्त्या शोधतील, डावीकडे-उजवीकडे पास वाढतील, चेंडू वळवून गोल होतील. त्यांच्या हुशारीवर माझा विश्वास आहे.

आणि एक नोंद ठेवायला सुरुवात करा. प्रत्येक आंतरराष्ट्रीय सामन्यात कॉर्नर अडवताना कुणाला कुठे चेंडू लागला, मुखवटा होता का, पुढे किती दिवस ती खेळली नाही, एवढं पंचांच्या अहवालात लिहायला लावा. माझं बोट, माझी मांडी आणि माझा गाल कुठल्याही कागदावर नाहीत. स्कोअरशीटवर त्या कॉर्नरपुढे 'गोल नाही' एवढंच आहे.

ही धाव मला आवडायची, हेही सांगायला हवं, नाहीतर पत्र अर्धं राहील. रेषेवर वाकून उभं असताना डोकं रिकामं व्हायचं. चेंडू हलायचा आणि आपण त्याच्या आधी पोचणार, असं त्या दीड सेकंदापुरतं खात्रीने वाटायचं. स्टिकला चेंडू लागून बाजूला गेला की तो हादरा कोपरापर्यंत यायचा आणि मागून गोलरक्षक माझ्या नावाने ओरडायची. तिला माहीत असायचं. तेवढं मला पुरायचं. पुन्हा सतरा वर्षांची झाले तर मी पुन्हा हात वर करेन, पण मुखवटा बांधून आणि पट्टा दोनदा तपासून.

शनिवारी आमचा सामना आहे. मी वेगवान मुलीचं नाव लिहिणार आहे, कारण नियम आज जसे आहेत त्यांत तीच सर्वांत लवकर पोचेल, आणि जितकं जवळ पोचावं तितका चेंडू वर चढायला कमी वेळ मिळतो. दुसरीला मी स्वतः भेटून सांगेन की संघातली जागा मिळवायला तिला हे करायची गरज नाही. चारही मुलींसाठी त्यांच्या-त्यांच्या मापाचे मुखवटे घेतले आहेत आणि ते जाळीत ढिगाने न टाकता खांबाला ओळीने अडकवायचे ठरलं आहे. माझ्या हातात होतं तेवढं मी केलं. चेंडू किती उंच यावा, हे तुमच्या हातात आहे.

तुमच्या उत्तराची वाट पाहते.

आपली विश्वासू,
एक माजी रशर, सध्या प्रशिक्षक